उरलेल्या नऊ कॅप्सूलांबाबत

पोलीस स्टेशन तिरोडा, दि. ०२/०८/२००८, दुपारी १.२० वा.

मी लखनलाल मोहनलाल बिसेन, वय ५७ वर्षे, धंदा शेती, राहणार बोरटोला, ता. तिरोडा, जि. गोंदिया. आज कोणी न बोलावता स्वतः हजर येऊन सांगतो की,

माझ्या घरी मी व पत्नी सुखवंता, वय ५१, असे दोघंच राहत होतो. मुलगा लोकेंद्र रायपूरला कंपनीत आहे. आता घरी मी आहे. भिंतीला लागून दुर्पता कवडू उईके ही विधवा बाई राहते. ती व सुखवंता एकाच टोळीत धानाच्या रोवणीला जात.

सहा वर्षांआधी सुखवंताच्या हाताला विळा लागला होता. तेव्हा एका डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. तिचं तोंड सुजलं, श्वास अडकला. डॉक्टरनंच वाचवलं. कागदावर लाल पेनानं लिहून दिलं व म्हणाले, "पेनिसिलीन हिला चालत नाही. कुठंही गेले की आधी हा कागद दाखवा." आम्ही समजलो की सुई चालत नाही. तेव्हापासून ती सुई घेत नव्हती, गोळ्या बिनधास्त खात होती. टोळीतल्या बाया हसत, "सुखवंता काट्यातून चालते, अना सुईले भेते." कागद पेटीत होता. तो कोणाला दाखवायचं काम पडलं नाही.

जून महिन्यात माझी दाढ सुजली. तिरोड्याला डॉक्टरनं पाच दिवसांच्या पंधरा कॅप्सूल दिल्या. बरं वाटलं तरी सगळ्या खा, दुसऱ्या कोणाला देऊ नका, असं त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. दोन दिवसांत सूज उतरली. सुखवंता म्हणाली, "आता कायले खाता? ठेवा. रोवणीत पायाले कामी येतीन." चिखलात उभं राहून बायांच्या बोटांत चिखल्या होतात. कॅप्सूल उघडून आतली भुकटी त्यात भरायची, असं आमच्या गावात सगळेच करतात. नऊ उरल्या होत्या, त्या ठेवल्या.

दि. २५/०७/२००८ रोजी सायंकाळी ५ वाजता सुखवंता लंगडत आली. पाय घोट्यापर्यंत सुजला होता. दुर्पता सोबत होती. तिनं पायाला हळद-तेल लावलं, आपल्या घरून काळा चहा आणून दिला व मला म्हणाली, "लखनभाऊ, दवाखान्यात न्या न हिले. पाय पाहून नाही राहिले का?" सुखवंता म्हणाली, "डॉक्टर सुई देते वो." दुर्पता म्हणाली, "मंग मर इथंच," व दोघी हसल्या. दुर्पता आपल्या घरी गेली.

सूज वर चढली होती, म्हणून भुकटी न भरता पोटातूनच द्यावं असं मला वाटलं. अंदाजे ५.४० वाजता मी माझ्या हातानं तिला दोन कॅप्सूल दिल्या. पाण्याचा गिलासही मीच दिला. ती म्हणाली, "तुमी डॉक्टर झाले जी." दहा मिनिटांत ती अंग खाजवू लागली. ओठ सुजले. मी हाक मारली तर दुर्पताच धावत आली. टेंपो तिनंच आणला. रस्त्यात सुखवंताचं डोकं दुर्पताच्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरनं विचारलं, घरी काही औषध दिलं काय. मी म्हटलं, चहा पेली. त्याच रात्री ती वारली.

दुसऱ्या दिवशी फुलचूरवरून माझा साळा, सुखवंताचा भाऊ दुलीचंद आला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "भाटवे, चहा दुर्पतानंच देला न?" मी म्हटलं, देला. ही गोष्ट खोटी नव्हती. पुढचं मी बोललो नाही. त्यावरून दुलीचंदनं दुर्पतानं विष दिलं अशी रिपोर्ट दिली. टोळीनं तिला काढलं. ऐन रोवणीत आठ दिवस ती घरीच बसून होती. मातीला आलेला लोकेंद्र तिसऱ्या दिवशी परत गेला. जाताना म्हणाला, "बाबू, त्या बाईले सोडू नका."

या आठ दिवसांत दुर्पतानं भिंतीवरून रोज भाजी ठेवली. मी घेतली. कॅप्सूलबद्दल तिला माहीत नाही. तिला आज ठाण्यात बोलावलं आहे, हे मला काल कळलं. पोलिसांनी मला विचारलं नव्हतं, विचारलं असतं तरी सांगितलं असतं असं म्हणता येत नाही.

उरलेल्या सात कॅप्सूल व लाल पेनाचा कागद सोबत आणून हजर केला आहे. दुर्पताच्या चहात काही नव्हतं. तोच चहा मी पण पेलो होतो. माझी तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही. लोकेंद्रला काय सांगायचं ते साहेबांनी फोनवर सांगावं. माझा फोन तो आता उचलणार नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला, मी सांगितलं तसंच लिहिलं आहे. त्यात एवढं अजून लिहून घ्यावं की, दुर्पता सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहे, तिले आता घरी जाऊ द्या. मी मागून येतो. रस्ता एकच आहे, पण आज तिच्यासंगं चालता येणार नाही.

सही: ल. मो. बिसेन