उपाशी जंतू

इमास : सुराबी गरम आहे तोवर खा. धिरड्यात नारळ कमी पडलाय का?

एनुंग : चांगली झालीय. पण तेतेह, मोठी बहीण असलीस तरी विषय बदलू नकोस. आठवडाभर तू दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या न्यायला गेलीच नाहीस.

इमास : सख्खी बहीण की पोलीस गं तू? खोकला गेला, ताप गेला. तुझ्याच प्रयोगशाळेत माझी थुंकी तपासली, काही उगवलं नाही म्हणालीस!

एनुंग : नळीत उगवलं नाही. आत सगळे मेलेत असं कुठे म्हणाले?

इमास : मग काय करतायत? सुट्टीवर आहेत?

एनुंग : झोपलेत. क्षयाचा जंतू मुळातच संथ. बाकीचे तासाभरात दुपटीच्या दुप्पट होतात, याला एकाचे दोन व्हायला दिवस लागतो. वाढायला नायट्रोजन हवा, तो आपल्याच पेशींतल्या प्रथिनांमधून ओरबाडतो.

इमास : म्हणजे सोयाबीनचं टेम्पे मी खायचं आणि अंगी लागायचं त्या मेल्यांच्या!

एनुंग : तेच तर शोधतेय. नळीतल्या जंतूंचा नायट्रोजन तोडून पाहिला.

इमास : मेले?

एनुंग : मलाही वाटलं मेले. कितीतरी दिवस नळीत काहीच वाढलं नाही. मग चिमूटभर खाऊ घातलं, आणि पुन्हा वाढायला लागले. तुझाच चेहरा आला गं डोळ्यांपुढे. वाढणाऱ्यांना गोळ्या पटकन मारतात. झोपलेल्यांसाठी गोळ्यांना महिनोन्महिने दारात ठाण मांडून बसावं लागतं.

इमास : (तवा पुसत) गोळी घेतली की मळमळतं. तव्यापुढे उभं राहवत नाही. आणि तिकडे गारुतला माझ्या लेकीला मुलगी झाली. क्षयाच्या बाईच्या हातात बाळ कोण देईल? म्हटलं, गोळ्या सुटल्या की जाईन.

एनुंग : अगं वेडाबाई! गोळ्या चालू असतात म्हणून तर बाळ हातात देतात. मी डॉक्टरांशी बोललेय, तुझ्या गोळ्याही घेऊन आलेय. आजपासून सुरू कर, उद्या पुन्हा तपासणी. ते हो म्हणाले की आपण दोघी गारुतला. मळमळीवरही औषध असतं, सांगायचं तरी!

इमास : लवकर बरं करणारं काही नाही निघणार तुझ्या नळीतून?

एनुंग : ते अन्न आत ओढून घेतात ती एक वाट सापडलीय. ती बुजवायचा प्रयत्न चाललाय. निघेल, पण तुझ्या कामाला नाही यायचं. पुढच्यांच्या येईल.

इमास : माझ्या त्या नातीच्या वेळेला तरी?

एनुंग : तिला लागूच नये ते.

इमास : पाणी दे मग. कोमट दे, गोळी मोठी असते.