सूनबाईची वही

—नाही हो, झोपलेली नाही, आतल्या खोलीत बॅग भरतेय. बसा तुम्ही. तुम्हीच ना त्या समुपदेशनवाल्या बाई? तरीच म्हटलं, एवढा मऊ आवाज कुणाचा! दोनदा आली नाही म्हणून घरी चौकशीला — भलतीच काळजी हो तुम्हाला. मी तिची सासू. आणि हा मांडीवरचा, तीन महिन्यांचा, ह्याच्यापायीच सगळं रामायण. हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.

तुम्ही शिकवलंत म्हणे — संताप आला की बाळाला पाळण्यात ठेवायचं, खोलीबाहेर यायचं, मुठीत बर्फ धरायचा, श्वास मोजायचे. बाळ टाहो फोडतंय आणि आई फ्रीजसमोर उभी! मला आधी हसूच फुटलं. मग मी बर्फाचा ट्रेच उचलून माळ्यावर टाकला. का म्हणजे? घर माझं, फ्रीज माझा. तर ही नुसत्याच मुठी आवळून उभी, तळहातात नखं रुतेपर्यंत. म्हटलं, पुरे झाली नाटकं.

आणि ती वही — तुमचंच ना ते खूळ? मनात येईल ते लिहायचं, त्याचा जोर किती, तो दहापैकी आकडा पुढे द्यायचा. मला काय ठाऊक खासगी आहे? चादर बदलताना उशीखाली सापडली. म्हणजे एरवी मी बदलत नाही तिची चादर, त्या दिवशी बदलली. उघडते तर काय — ‘आज वाटलं, त्याच्या तोंडावर उशी दाबावी, म्हणजे गप्प होईल. नऊ.’ माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली! खाली लिहिलेलं, ‘हा नुसता विचार आहे. मी असं करणार नाही. बाईंना सांगायचं.’ ते खालचं बोटाने झाकलं, फोटो काढला आणि मुलाला ऑफिसात पाठवला. खालचं कशाला पाठवायचं? मुद्द्याचं तेवढं पाठवलं.

अर्ध्या तासात घरी आला पठ्ठ्या. मग मी मोठ्याने वाचून दाखवलं, तिच्या आईला फोनवर घेऊन. ती बिचारी रडायलाच लागली. आणि ही? भिंतीला टेकून मला एवढंच म्हणाली, “आई, ते बाईंना दाखवायचं होतं.” म्हटलं, आता सगळ्यांनाच दाखवलं, बाईंचं काम हलकं केलं! तेव्हापासून बाळ माझ्या खोलीत. ती पाजायला येते, मी समोर बसते, झालं की काढून घेते. आज पाच वाजता मुलगा तिला माहेरी सोडतोय. एकटीलाच. हा इथेच राहणार. वरचं दूध चालू केलंय — पहिले दोन दिवस थुंकला, आता पितो निमूट. भूक लागली की सगळे वठणीवर येतात.

आकडे? विचारताय म्हणून सांगते — वाचते ना मी रोज, तिलाही माहितीय — तुमच्याकडे येत होती तेव्हा चारावर आली होती, एकदा तर तीन. आता रोज दहा. बघा! माझंच खरं झालं की नाही?

काय म्हणालात? विचार येणं वेगळं आणि करणं वेगळं? पुष्कळ आयांना येतात असले विचार? अहो, ते मला नका शिकवू! विचार येतो आणि हात उठतो, मधे एवढीशीसुद्धा फट नसते. सकाळपासून रडून रडून ती लालबुंद झालेली, घरात चिटपाखरू नाही, दोन रात्री माझा डोळ्याला डोळा नाही — आणि मी नुसती उचलून हलवली, जराशी, गप्प बस म्हणून — आणि झाली की गप्प. एकदम. मग पाळण्यातून पडली म्हणून सांगितलं. कुणी विचारलंसुद्धा नाही. मला कधी कुणी विचारलं, बाई गं, तुझ्या मनात काय चाललंय—

काय विचारलंत? ती कोण?

कोणती ती? मी सूनबाईबद्दलच बोलतेय. मला एकच मुलगा, एकुलता एक, विचारा कुणालाही! असं काय बघताय? आणि तो फोन ठेवा आधी पर्समध्ये. नाही, आत जायचं नाही, तिला हाक मारायची नाही, बाळ उठेल. उठा तुम्ही. उठा म्हणते ना! आणि जाताना दार ओढून घ्या, माझा हात मोकळा नाही.