इंजिनाला कुंकू

...आणि वर धोंडीबा मिस्त्री म्हणतो, "अजून एक हात मारू या!" अहो, एक हात, एक हात करत इंजिनाचं उरणार काय? तुम्हाला सांगतो, आमच्या गुरुदत्तचं पार भरीत झालेलं! हट्ट काय, तर वडिलांची, अण्णांची, जुनी ऑस्टिन गाडी पुन्हा चालवायची. अण्णांचे गुडघे गेलेले, घराबाहेर पडणं बंद, दिवसभर खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघत बसायचे... निदान एकदा त्यांना तिच्यातून माजिवड्यापर्यंत न्यायचं, बस्स!

पण चारी सिलिंडर झिजून वाकडेतिकडे! ते आतून कोरून गोल करायचे, मग मोठे पिस्टन बसवायचे. धोंडीबाने कोरलं, आत बोट फिरवलं. "तिसऱ्यात चरा राहिला, साहेब. अजून एक हात." आणि एकाला कोरलं की बाकीच्या तिघांनाही कोरायचं, पंगतीत एकालाच कसं वाढणार? झालं एकदाचं! दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुरुदत्तने इंजिनाचा तो ठोकळा घरी आणला, आतून आरशासारखा चकचकीत... आणि सकाळी काय? त्याच्या बायकोने, सुमतीने, यंत्र म्हणून त्याला पाटावर बसवला! पाण्याने न्हाऊ घातला, चारी सिलिंडरांत कुंकू, अक्षता, वर पंचामृत! भक्तीत हात आखडता नाही हो बाईंचा! दुसऱ्या दिवशी आत गंज, तोही कुंकवाच्याच रंगाचा!

"अजून एक हात," धोंडीबा म्हणाला, "पण हा शेवटचा. याच्यापुढे सिलिंडरची भिंत फुटली की इंजिन भंगारात." गुरुदत्त तिथेच स्टुलावर बसला, सुमती तोंडाला पदर लावून दारात... मशीन फिरतंय, कोणी श्वास घेईना! आणि राहिली हो भिंत, राहिली!

गाडी सुरू झाली. धोंडीबाची ताकीद एकच, पिस्टन नवे आहेत, महिनाभर अगदी हळू चालवायची. अण्णा मागे, काळी टोपी घालून, ताठ बसलेले. माजिवड्याच्या रस्त्याला मागून टांगा आला, घंटा वाजवत पुढे गेला. मग सायकल. मग, तुम्हाला सांगतो, एक म्हैस! गुरुदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, जरा दाबू का?"

"कशाला रे? त्यांना कुठेतरी जायचं असेल. मला काय, मी गाडीत बसलोय."

गुरुदत्तने मुकाट्याने पाय उचलला, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या म्हशीला वाट करून दिली.