मानेवरच्या रेषा

हॅलो? … हां वहिनी, अगं गाडी निघाल्यापासून फोन लावतेय, लागतच नाही! … पोचलात हॉस्पिटलात? दादाला आत नेलं का? … अजून नाही ना? थांब, शिलाई मशीन बंद करते, काही ऐकू येत नाही…

हं. अगं ऐक ना, आधी माझं ऐक. त्याला आत जाऊ देऊ नकोस. … अगं वेड नाही लागलं मला! त्याच्या मानेवरच्या निळ्या रेषा… हो, त्याच, कॅन्सरवर तो प्रोटॉन किरणांचा झोत कुठे सोडायचा त्या खुणा… त्यातली मधली हॉस्पिटलवाल्यांची नाही. माझी आहे.

… माझी म्हणजे मीच काढली! सकाळी तू पाण्याची बाटली भरत होतीस तेव्हा. त्या झोताने मान किती सोलवटलीय बघतेस ना? नुसती कॉलर लागली तरी कळवळतो. म्हणून ओल्या फडक्याने टिपत होते… तर पापुद्रा सुटून आला. रेषेसकट. … हो गं, अख्खी रेष फडक्यावर!

घाबरले मी. … तुला कशी सांगणार? आधीच तुझा चेहरा एवढासा झालेला. म्हटलं, जन्मभर कापडावर खुणा करतेय, एवढी एक रेष नाही जमणार? अंदाजाने मार्कर फिरवला. … दादाला? त्याला वाटलं, मी मलम लावतेय.

… शिव्या दे, हव्या तेवढ्या दे, पण आधी ऊठ! शर्ट नाही गं तो, उसवून परत शिवायला! बोटभर जरी चुकली… शेजारी मणका आहे, वहिनी!

काय? नाव पुकारलं? … मग ओरड ना! लाजतेस काय? दार लागायच्या आत धाव! … फोन नको ठेवूस!

हॅलो? … वहिनी? … हॅलो?

कोण? नर्सताई? … हो हो, मी पेशंटची बहीण. हो ताई, मीच काढली… थांबवलं? उतरवलं टेबलावरून? … सुटले बाई!

… रोज आधी एक्सरे काढूनच नेम धरता? म्हणजे माझी रेष चुकली तरी झोत चुकला नसता… मग थांबवलं का हो? … जखम? … रेषेखाली? … मार्करची शाई उघड्या मांसात… अहो, मला वाटलं नुसती लाल झालीय…

… जखम भरेपर्यंत उपचार बंद? पूर्ण बंद? … आणि तोवर कॅन्सर थांबतो का हो?

… ताई? … डॉक्टरांना द्या फोन, मीच विचारते!