आढ्यावर ठरलेलं लग्न

सिमेंटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ते परमिटवर मिळायचं तेव्हाची गोष्ट. भिवंडीत आमच्या ताईला बघायला खारबावची मंडळी आली, तेव्हा बाबा घरावर चढून आढ्याच्या कौलांच्या फटी बुजवत होते.

मुलाच्या वडिलांनी अंगणातल्या घमेल्यात कालवून ठेवलेला माल बघितला. "सिमेंट जास्त झालंय. तडकंल. चुना घाला."

"तडकत न्हाय," बाबा वरून म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी धोतर खोचलं, चुना मागून घेतला, स्वतः माल कालवला आणि घमेलं घेऊन शिडीने वर गेले. मग दोघं आढ्यावर बसून भांडू लागले. आईचा जीव खालीवर होत होता, कारण आधीच एक स्थळ मोडलं होतं.

शेवटी ताई पोह्यांच्या बशा घेऊन अंगणातच आली. पाहुण्यांनी वरूनच विचारलं, "पोरी, तू सांग. माल कसा पायजे?"

"चुन्याचा," ताई म्हणाली. "पण लावा तरी, सुकत चाललाय."

"मुलगी पसंत हाय."

"दिली," बाबा म्हणाले, "पण सिमेंट कमी करणार न्हाय."

नवऱ्या मुलाला कोणी काही विचारलंच नाही. तो मघापासून खाली शिडी धरून उभा होता. त्याने मान वर करून एवढंच विचारलं, "आता सोडू का?"