घ्या त्याला, एवढंच म्हटलं होतं

…आणि वर मलाच विचारतात, "जीन, तू पडलास कसा?" अहो, पडलो कुठे, मला टाकला! बसच्या टपावरून टाकला, चौघांनी हातपाय धरून, एक-दोन-तीन म्हणून. जरा या बाजूला येऊन बसा बरं, हा गळ्यातला पट्टा आहे ना, याच्यामुळे मान वळत नाही, तुम्ही तिकडे बसलात तर तुमच्याशी बोलायला मला अख्खं वळावं लागतं, फडताळासारखं. तर तुम्हाला सांगतो, माझा गुन्हा काय? कुणाचं घर जाळलं? कुणाची बायको पळवली? मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की घ्या त्याला.

त्याला म्हणजे डेमेट्रियस होल्कमला. झालं काय, आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे दोन रिसीव्हर, म्हणजे मैदानाच्या कडेने जीव खाऊन पळायचं आणि चाळीस यार्डांवरून आलेला बॉल झेलायचा एवढंच ज्यांचं काम, ते दोघेही एकाच आठवड्यात गेले. मेले नाहीत, पण एकाचा गुडघा उलट्या बाजूला वाकला आणि दुसऱ्याने घरी बाळाचा पाळणा जोडताना अंगठ्यावर हातोडा हाणून घेतला. उरला तो असा, की त्याच्याकडे बॉल निघाला की आमचं अख्खं लॅकवॉना गाव डोळे मिटतं. डिसेंबर उजाडलेला, चार सामने राहिलेले, तीन जिंकले तर पुढे नाहीतर घरी. आणि हा होल्कम, पस्तीस वर्षांचा, अकरा हंगाम खेळलेला, दोन टीमनी सोडून दिलेला, उन्हाळ्यापासून मोकळा बसलेला. आमच्याकडे याला फ्री एजंट म्हणतात. माझं लग्न ठरलं तेव्हा मीही ह्याच अवस्थेत होतो, पण माझ्या सासऱ्यांनी त्याला दुसरा शब्द वापरला होता.

तर मी रेडिओवर फोन केला. एकदा नाही, उन्हाळ्यापासून रोज करतोय. मी पडलो म्युनिसिपाल्टीचा बर्फ काढणारा ड्रायव्हर, उन्हाळ्यात मला दुसरं काम काय? तो निवेदक माझा आवाज ऐकला की दमायचा. "बोला, लॅकवॉनाचे जीन, आज काय नवीन?" "नवीन काही नाही, घ्या त्याला." खट्, फोन बंद. सकाळी पुन्हा. आता यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण आहे का?

होतं. माझ्या मेव्हण्याच्या, नॉर्बच्या. नॉर्बर्ट शिमचॅक, खाटीक, मानेचा घेर माझ्या मांडीएवढा, आणि आवाज असा की डुकरं त्याला बघून नव्हे, ऐकूनच मरत असावीत. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत होती, अख्खा गाव बसलेला, आणि हा माझ्या समोर येऊन म्हणतो, "दाजी, तुमच्या त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यातला आवाज मला माझ्या दुकानात ऐकू येतो." मी म्हटलं, "नॉर्ब, तुझ्या डोक्यातला मला इथे ऐकू येतो." मी काय वाईट बोललो? त्याने माशाचा तुकडा माझ्या कानशिलात हाणला. तळलेला हॅडॉक, वीतभर, कढईतून नुकताच काढलेला. अहो, कान भाजला! मी बटाट्याच्या सॅलडचं पातेलं त्याच्या डोक्यावर पालथं घातलं आणि वरून डाव मारला, टण्. मग काय, या टेबलावरचे "घ्या" म्हणणारे आणि त्या टेबलावरचे "नको" म्हणणारे, पासष्ट-सत्तर माणसं, खुर्च्या घेऊन. फादर लुडविक मध्ये पडले, "लेकरांनो, शांती, शांती," करत दोघांना बाजूला केलं, आणि मग हळूच माझ्याजवळ वाकून म्हणाले, "पस्तीस म्हणजे जास्तच होतात रे, जीन." मी म्हटलं, "फादर, तुम्हीसुद्धा?" तर त्यांनी माझ्या नडगीवर लाथ मारली. पायघोळ झग्याखालून, कुणाला दिसली नाही.

सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, कारण त्या हाणामारीत एक दाढ हलली होती. तोंडात माझ्या दोन चिमटे, एक नळी आणि त्याचं कोपर, आणि मग तो विचारतो, "काय मग, होल्कमला घ्यायचं की नाही?" हा काय विचारायचा मुहूर्त आहे? पण मी तत्त्वाचा माणूस. म्हटलं, "घ्या घ्याया." त्याला बरोबर कळलं. तो "नको"वाला निघाला. दाढ काढली, भूल न देता काढली, आणि तुम्हाला सांगतो, शेजारची चांगलीही काढली. म्हणाला, "ही पण पस्तीसच्या वर होती."

एवढं झाल्यावर मी गप्प बसणार? मंगळवारी तीन फूट बर्फ पडला. गाडी माझ्या हातात. पाच गल्ल्यांचा बर्फ मी ढकलत ढकलत आणला आणि नॉर्बच्या दारात रचला, छपरापर्यंत, वरून थापून गुळगुळीत केला. दोन दिवस तो घरात अडकला होता. तिसऱ्या दिवशी धुराड्यातून बाहेर आला आणि माझ्या गाडीची पुढची काच गोठलेल्या डुकराच्या तंगडीने फोडली. माझी बायको डार्लीन दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेईल. ती म्हणाली, "नॉर्ब, तंगडी आत आणून ठेव, रविवारी लागेल." बहीण कुणाची शेवटी!

तिथेच पैज लागली. होल्कमला टीमने घेतलं तर नॉर्ब, नाही घेतलं तर मी, बसच्या टपावरून टेबलावर.

हे टेबल म्हणजे काय, ते सांगायला हवं का? सामन्याआधी स्टेडियमच्या आवारात आमची जत्रा भरते. शेगड्या, बिअर, आणि घडीची प्लॅस्टिकची टेबलं. त्या टेबलांवर खायचं नसतं, त्यांच्यावर उडी मारायची असते. पाठीवर पडायचं, टेबल मधोमध मोडलं की लोक टाळ्या वाजवतात आणि तुम्ही उठून सॉसेज खाता. माझं लग्नसुद्धा तसंच पार पडलं, फादरनी आशीर्वाद दिला, डार्लीनने टेबल मोडलं, झालो आम्ही नवरा-बायको. जो मोडतो तो आपला. एवढा साधा हिशेब.

रविवारी सकाळी दहाला आम्ही सगळे डेबताईच्या बसपाशी. डेबताई म्हणजे साठीची बाई, शाळेची जुनी बस विकत घेतलेली, आवारात तिचा शब्द शेवटचा. आणि नॉर्ब शहाणा, पैजेचं टेबल स्वतः घेऊन आलेला. पांढरं, कोरं, पाय झाकतील अशी चादर घातलेली. "दाजी, तुमच्यासाठी खास," म्हणाला. मी म्हटलं, "बघू कुणासाठी ते."

तेवढ्यात एक उंच माणूस आला. लोकरीची टोपी डोळ्यांपर्यंत, दाढी, साधं जाकीट. म्हणाला, "काका, वास छान येतोय, एक सँडविच मिळेल का?" डेबताईने त्याला शहाजिरं लावलेल्या पावात बीफ घालून दिलं, वर मुळ्याची ती झणझणीत चटणी. तो बिचारा खातोय, आणि आमचं चालू. नॉर्ब ओरडला, "अरे, त्या होल्कमच्या हातात आता हातमोजासुद्धा टिकत नाही!" तो माणूस घास गिळून म्हणाला, "असं कुणी सांगितलं?" नॉर्ब म्हणाला, "तू कोण रे, त्याची आई?" आणि हातातला कांदा फेकून मारला. त्याने झेलला. एका हाताने, न बघता, दुसऱ्या हातातलं सँडविच तसंच. नॉर्बला राग आला. त्याने सॉसेजची माळ फेकली, झेलली. पातेल्याचं झाकण, झेललं. ती तंगडी, हो तीच, वीस पौंडाची, दोन्ही हातांनी डोक्यावर गरगर फिरवून फेकली, मधले दोघं तिने आडवे झाले, आणि याने ती छातीशी लावून घेतली जशी काही झोपलेली लेक. चटणीचा थेंब सांडला नाही.

डेबताई पुढे झाली, त्याची करंगळी धरली. करंगळी वाकडी, तीन जागी मोडलेली, टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. "टोपी काढ," म्हणाली. काढली. होल्कम! अहो, साक्षात! म्हणाला, "काल सगळ्या तपासण्या झाल्या, मावशी. पास झालो. उद्या सकाळी नऊला सही. म्हटलं जरा लोक बघून यावेत."

मी रडलो. खोटं कशाला सांगू, पन्नाशी उलटलेला माणूस पार्किंगमध्ये उभा राहून रडला. उन्हाळ्यापासून ज्याच्यासाठी कान भाजून घेतला, दोन दाढा दिल्या, तो समोर उभा, आणि पैज जिंकलेली. नॉर्ब पांढरा पडला. त्याने निमूट बसची शिडी धरावी की नाही? धरलीही होती. पण मला काय बुद्धी झाली! मी ओरडलो, "थांबा, नॉर्ब नंतर, आधी पाहुणा! आजपासून हा आपला!"

होल्कम म्हणत होता, "काका, नको, उद्या सही आहे." मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे आज्यासुद्धा करतात." त्याला बसच्या टपावर नेऊन उचलला. डोकं मी धरलं होतं, मीच. मागून नॉर्ब ओरडतोय, "दाजी, ते टेबल नको, ते टेबल नको!" आणि मला वाटतंय, हरला म्हणून जळतोय.

एक, दोन, तीन.

टेबल मोडलं नाही.

ते टेबलच नव्हतं. नॉर्बच्या दुकानातला मांस तोडायचा ओंडका होता, मेपलचा, पाच बोटं जाड, वरून पांढरा रंग मारलेला. माझ्यासाठी आणला होता मेव्हण्याने, प्रेमाने. आवाज झाला तो मी अजून विसरलो नाही. आवारात तीस हजार माणसं आणि एकदम सामसूम. मग होल्कमचा बारीक आवाज, "काका, हाड गेलं वाटतं." उजव्या खांद्याचं. सही गेली, हंगाम गेला. सोमवारी टीमने जाहीर केलं, घेत नाही.

म्हणजे पैज कोण हरलं? मी! नॉर्ब म्हणाला, "दाजी, मी ओरडून सांगत होतो, आता नियम म्हणजे नियम." आणि दुसरं टेबल शोधावं की नाही कुणी? डेबताई म्हणाली, "हे मोडलं नाही, तोवर हेच." त्याच संध्याकाळी चौघांनी धरला मला. त्यात फादर होते.

आता गंमत ऐका. दवाखान्यात शुद्धीवर आलो, तर शेजारच्या खाटेवर कोण? तोच, हात बांधलेला. मला वाटलं, तोंड लपवावं, पण मान वळेना. तोच बोलायला लागला, माझ्याशी नव्हे, छताशी. "काका, उन्हाळ्यापासून माझा फोन वाजला नाही. बायको म्हणायची, पुरे झालं, दुसरं काही बघ. मी मात्र रोज तुमच्या गावचा रेडिओ लावायचो. एक माणूस होता, लॅकवॉनाचा जीन. रोज म्हणायचा, घ्या त्याला. त्याच्या जिवावर पळायला जायचो मी. त्याला भेटायलाच आलो होतो त्या पार्किंगमध्ये."

आता मी काय करावं? गप्प बसावं. बसलो? मी म्हटलं, "मीच तो."

 मग मला एवढंच दिसलं की त्याचा डावा हात जेवणाच्या ट्रेकडे गेला. जड ट्रे, स्टीलचा, वर सूप, जेली, सगळं. बारा फूट अंतर, मध्ये पडदा, पडद्याला वीतभर फट. त्या फटीतून आला. बरोबर नाकावर.

नर्स धावत आली, म्हणाली, "नाक मोडलंय, काका, रक्त थांबत नाहीये, काही लागतंय का?" मी म्हटलं, "फोन दे, बाई, रेडिओला लावायचाय. डाव्या हाताने फेकलंय त्याने, झोपून." निवेदक म्हणाला, "बोला, लॅकवॉनाचे जीन, आता काय?" काय म्हणजे काय? दुसरं मला येतं तरी काय? मी म्हटलं, "घ्या त्याला."