हळद लावायची राहिलेली तीन झाडं

नको नको, त्या कोपऱ्यातल्या तीन झाडांना कात्री लावू नकोस गो — ती मेलेलीच आहेत. ही बाकीची कर. महिनाभर विचारतेय सगळ्यांना, गुलाबांची छाटणी कोण करील, तर एकाचाही हात पुढे येत नाही. आणि तू आपणहून फाटकातून आत आलीस, म्हणालीस मला येते — देवानेच पाठवली म्हणायची. कोल्हापूरची ना तू? मग मराठीतच बोलते, आमची मालवणी तुला जड जाईल. मी फिलोमिना. बाग नगरपालिकेची, पण राखतो आम्ही गल्लीतले दहा-बारा जण, रोज सकाळी तासभर, हौसेने. खाऱ्या वाऱ्यात गुलाब जगत नाही म्हणतात, आम्ही सात वर्षं जगवला. मग छाटायला का घाबरतात? घाबरतात खरे — छाटण्याला नाही गो. तू कापत राहा, सांगते.

गेल्या वर्षी पावसात तीनदा कलमं उपटून नेली कुणीतरी. मुळासकट. विनीतने — आमचा म्होरक्या, तसा मुंगीही मारणार नाही — त्याने राखणीच्या पाळ्या लावल्या. ऑक्टोबरातला सोमवार, बाजाराचा दिवस, पहाटेची पाळी त्याची आणि माझी. येऊन बघतो तर वाफ्यात एक म्हातारा वाकलेला. हातात कात्री. बाजूला फांद्यांचा हा ढीग, कळ्यांसकट! सगळी झाडं गुडघ्याएवढी बोडकी. आम्ही कधी कळी कापलेली नाही — पाप वाटायचं. विनीत ओरडला, "धरा रे तेका!" आणि बाजाराला निघालेली माणसं आत घुसली. मी? मी बाजूला होते. हातात रोझरीची जपमाळ होती माझ्या, खरंच.

झाडांना टेकू द्यायच्या बांबूंनी मारलं. पाठीवर, नडग्यांवर. पडला तो त्या काट्यांच्या ढिगावरच, आणि वरून लाथा. गालात काटे घुसले, ओठ फाटला, एक दात तर मातीत दिसला मला, पांढरा. "मी चोर नाय, मारू नकात" — कोण ऐकतो? एकाला बघून दुसऱ्याला जोर चढत होता. मी नुसती ओरडले. काय ओरडले? …"हात मोडा तेचो." हो, मीच. कारण ढिगात सगळ्यात वर माझ्या रिशेलच्या झाडाची फांदी होती गो. रिशेल माझी मुलगी. चौदाव्या वर्षी तापाने गेली, तिच्या नावाचं झाड लावलंय मी, हे, तू आत्ता हात ठेवलास ते. सात कळ्या होत्या त्याला. तिच्या वाढदिवसाला उमलतील म्हणून रोज मोजत होते — आणि त्या अशा, चपलांखाली.

हात विनीतने मोडला — नाही. माझ्याकडे बघू नकोस, कापत राहा — विनीतने मनगट धरलं फक्त. ह्या कठड्यावर, इथेच. वीट मी उचलली. शाळेत पोरांना खिचडी वाढते मी, वीस वर्षांत कुणाला चिमटा काढलेला नाही. आणि म्हणते काय, तर "ह्या हातान परत कापतलस?" — आणि घातली. एकदा नाही. दुसऱ्यांदा आवाज झाला, सुकी काटकी मोडते तसा. झाला ना आवाज, मग थांबावं की नाही? तिसऱ्यांदा घातली. बरं वाटलं गो. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ बरं वाटलं. आणि तो माझ्याकडे बघून म्हणतो, रक्ताने भरलेल्या तोंडाने, "बाय, नाताळाक फुलां येतली."

दवाखान्यात मीच नेलं, रिक्षातून. डॉक्टरना सांगितलं, कुंपणावरून पडले. त्यांची बोटं अशी सुजली की आंगठी कापून काढावी लागली. पट्टी बांधून घेताना म्हातारे एवढंच बोलले, "तीन झाडांक हळद लावची रवली." कापलेल्या प्रत्येक टोकाला ओली हळद लावत आले होते, सडू नये म्हणून — आणि आम्ही शेवटच्या तीन झाडांपाशी धरलं त्यांना. तिथे कागदावर नाव बघितलं. जयराम, धामापूर. तीस वर्षं माळीकाम करून गावी परतलेले. बाजाराला यायचे तेव्हा आमची माजलेली झाडं बघून जीव तुटायचा म्हणे, म्हणून त्या दिवशी घरची कात्री घेऊन आले. कुणाला विचारलं नाही, एवढाच गुन्हा.

नाताळात काय फुललं म्हणून सांगू! रिशेलच्या झाडाला एकेचाळीस. लोक फोटो काढायला यायचे. मी एक फूल तोडलं नाही, तिच्या कबरीवरसुद्धा नेलं नाही. त्या तीन झाडांना मात्र कापलेल्या टोकापासून काळं उतरत गेलं, मुळापर्यंत. दोनदा धामापूरला गेले, तळ्यापर्यंत पोचले आणि परतले. काय सांगणार होते, फुलं आली म्हणून? पोलिसात ते गेले नाहीत. निदान गेले असते. उजवा हात आता मिटत नाही, कानावर आलं. कात्री धरता येत नाही.

माळीकाम कुठे करायचे? तिकडे, कोल्हापुरात —

तू पण कोल्हापूरची.

ती डबी कसली गो? कमरेला खोचलेली? …हळद.

किती सारखं कपाळ आहे. तासभर समोर बसलेय, कसं दिसलं नाही मला. मुलगी ना तू त्यांची? नको, बोलू नकोस. कात्री खाली ठेवलीस, बरं केलंस. वीट ती नाही — ती मी समुद्रात टाकली — पण कठडा हाच.

काय? हो. उजवा.

थांब, आंगठी काढून घेते. नंतर कापावी लागते.

हं. ठेवला हात.